वल्ह्याला दावं

बँकेत मी चौतीस वर्षं काढली आणि त्यातली निदान वीस एका पेनाच्या शेजारी. हे पेन काउंटरला दोरीनं बांधलेलं असे. पासबुकाइतकीच ही दोरी बँकेची ओळख होती. तिच्यावरून आमच्या शाखेत दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, पेन बांधलंच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक ते खिशाला लावून घरी जातं. दुसरा पक्ष म्हणे, ज्याचे दोन लाख आपण विश्वासानं ठेवून घेतो त्याच्यावर दोन रुपयांच्या पेनाचा विश्वास ठेवता येत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. साहेब बदलला की धोरण बदलायचं. निकाल मात्र कायम एकच : बांधलेल्या पेनात शाई नसे आणि न बांधलेलं पेन नसे. या वीस वर्षांत एकाही साहेबानं काउंटरपलीकडच्या माणसाला विचारलं नाही, की बाबा रे, ही दोरी तुझ्या फॉर्मपर्यंत पोचते तरी का?

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता चिरंजीवांकडे सिएटलला गेलो होतो. तिथं तीच दोरी मला पुन्हा भेटली. फरक एवढाच, की काउंटरच्या जागी समुद्र होता आणि पेनाच्या जागी वल्हं.

चिरंजीवांना कयाकचा नाद आहे. कयाक म्हणजे केळीच्या कोक्यासारखी निमुळती, सतरा फूट लांब आणि जेमतेम दोन वीत रुंद अशी होडी. तिच्या पोटातल्या भोकात माणूस कमरेपर्यंत शिरतो आणि वर रबरी घागऱ्यासारखं काहीतरी ताणून ते भोक बंद करतो. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. आमचं कुटुंब मूळचं देशावरचं. आमच्या घराण्यात पाण्याशी आलेला सर्वांत मोठा संबंध म्हणजे आजोबांनी पाठीला डालड्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकललं तो. तेव्हा हा नाद चिरंजीवांना कुठून लागला, हे सांगता येत नाही. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी हात झटकले. "बाबा, तुम्हीच बघा आता," असं म्हणून त्यांनी मला गॅरेजमध्ये नेऊन उभं केलं.

तिथं मला ती दोरी दिसली. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला जशी वेटोळ्यांची वायर असायची, अगदी तशी. एक टोक वल्ह्याच्या दांड्याला, दुसरं होडीच्या वरच्या अंगाला. तिला म्हणतात लीश. "म्हणजे कुत्र्याला बांधतात ती?" मी विचारलं. "तीच, पण वल्ह्याला," चिरंजीव म्हणाले. आमची ही मागे उभी होती. तिनं फक्त "दावं" असं म्हटलं आणि ती पोह्यांकडे गेली. तिचं बालपण राजापूरकडच्या एका खेड्यात चार गुरांच्या गोठ्याशेजारी गेलेलं आहे. या शब्दाचं महत्त्व मला पुढं कळलं.

आता तुम्ही म्हणाल, यात वाद घालण्यासारखं काय आहे? बांधलं तर बांधलं, नाही तर नाही. पण वाचकहो, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कयाकवाल्यांच्या घोळक्यात जाऊन तुम्ही नुसतं "लीश बांधावी का हो?" असं विचारून बघा. पुण्यात "शुद्धलेखनाचे नियम असावेत का?" असं विचारल्यावर जे होतं, तेच होतं.

चिरंजीवांनी एका रविवारी दोन्ही पक्षांना जेवायला बोलावलं. बांधणाऱ्यांच्या बाजूनं एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वय पासष्ट, दंड माझ्या मांडीएवढे. न बांधणाऱ्यांच्या बाजूनं आमचे शेजारीबुवा. वय बहात्तर. हे गृहस्थ होडी उलटली की आत बसूनच वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशी पुन्हा सुलटे होतात. त्याला रोल म्हणतात.

थालीपिठाचा पहिला तुकडा मोडताच बाई सुरू झाल्या. वारा वीस नॉटचा असेल आणि तुम्ही होडीबाहेर पडलात, तर रिकामी होडी वाऱ्यावर अशी पळते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. अंगावर तो फुगीर ड्रायसूट, वर लाइफ जॅकेट. त्यात पोहणं म्हणजे गादी गुंडाळून धावणं. हातात वल्हं असेल आणि वल्ह्याला दोरी असेल, तर दोरीच्या दुसऱ्या टोकाला होडी असते. शिवाय वल्हंच गेलं तर होडी सापडून तरी उपयोग काय? वल्ह्याच्या पात्याला हवेची पिशवी बांधून त्याच्या आधारानं पुन्हा आत चढतात, तीही सोय गेली. यावर त्यांनी आपला एक अनुभव सांगितला. भर खाडीत वल्हं हातातून निसटलं, दहा हातांवर तरंगत राहिलं आणि बघता बघता वीस हातांवर गेलं.

शेजारीबुवांनी लोणचं आणखी वाढून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की पाणी, माणूस आणि लोंबती दोरी या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांचा फास होतो. उलटं लटकलेलं असताना दोरी कुठं आहे ते दिसत नाही. ती मनगटाला पडते, दांड्याला वेढे घेते, मानेशी येते. दुसरा कुणी मदतीला आला, तर दोन होड्यांच्या मधोमध नेमकी तीच आडवी. फुटणाऱ्या लाटेत तर ताणलेली दोरी वल्हं गोफणीसारखं तोंडावर आणून मारते. त्यांनीही अनुभव सांगितला. किनाऱ्याला लागताना लाटेनं पाडलं, दोरीचा वेढा हाताला बसला आणि होडी पुढे, हे मागे. आणि खळाळत्या नदीत तर कोणीही शहाणा माणूस वल्ह्याला दोरी बांधत नाही, हेही त्यांनी बजावलं. त्यावर बाईंनीही मान हलवली.

मी दोन्ही बाजूंना गोड शिरा वाढत होतो आणि दोन्ही बाजू मला पटत होत्या. हा माझा जुना दोष आहे. त्यामुळे मी कधी मॅनेजर झालो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चिरंजीवांच्या कपाटातली पुस्तकं वाचायला काढली. घरात आम्हां दोघांना दुपारी दुसरं काम नव्हतं. मी काही समीक्षक नव्हे. पण चौतीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचल्यामुळे अर्जात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते बघायची डोळ्यांना सवय आहे. त्या सवयीनं सांगतो, की या विषयावरच्या लेखनाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात दोरीचे फायदे. दुसऱ्यात तोटे. आणि तिसऱ्यात ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो : शेवटी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

आवडीचा? मिसळीत शेव जास्त की फरसाण जास्त, हा आवडीचा प्रश्न. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेक्ट नावाचे एक प्राध्यापक आहेत. स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून त्यांनी एक हिशेब लोकांना शिकवला. गार पाण्यात पडलात की पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला लागतं, त्यानंतर सुमारे दहा मिनिटं हात कामाचे राहतात आणि सुमारे तासाभरानं शुद्ध हरपते. सिएटलच्या समुद्राचं पाणी ऐन उन्हाळ्यातही गारच असतं. त्या दहा मिनिटांत तुमची दोरी तुमच्या बाजूनं आहे की विरुद्ध, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडणाऱ्या लेखकानं खुशाल कविता लिहावी. पोहणाऱ्याला सल्ला देऊ नये.

खरी गोम मला तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी कळली. मी बाईंचे आणि बुवांचे सगळे किस्से कागदावर दोन रकान्यांत मांडले. जमा आणि नावे. बाईंच्या एकाही गोष्टीत किनारा नव्हता. बुवांच्या गोष्टीत किनारा, खडक किंवा नदी याशिवाय काही नव्हतं. बाई बोलत होत्या त्या भर समुद्रातल्या वाऱ्याबद्दल आणि बुवा बोलत होते ते फुटणाऱ्या लाटेबद्दल. पण दोघंही त्याला "खवळलेलं पाणी" एवढंच म्हणत होते आणि पुस्तकंही तेच म्हणत होती. एकाला ताप आहे, दुसऱ्याला जुलाब; दोघांनाही "बरं नाही" म्हणायचं आणि औषधावरून भांडायचं, असला हा प्रकार. मोकळ्या पाण्यात वारा तुमच्यापासून होडी लांब नेतो, तिथं दोरी हवी. लाट फुटते तिथं पाणी होडीला तुमच्याच अंगावर आणतं, तिथं दोरी नको. हे इतकं सरळ असताना आवड मध्ये आली कुठून?

तसं बघितलं तर ज्यांनी कयाक शोधून काढली, त्यांनी हा विचार कधीच करून ठेवला होता. ग्रीनलंडचा शिकारी सीलवर जो हार्पून टाकायचा त्याला लांब दोरी असे. पण ती दोरी तो ना स्वतःला बांधायचा, ना होडीला. ती बांधलेली असे कातड्याच्या फुगवलेल्या पिशवीला, आणि ती पिशवी पाठीमागे नुसती ठेवलेली. सील दोरी घेऊन बुडी मारी आणि त्याच्याबरोबर पिशवी जाई, माणूस नव्हे. दोरी गुंतू नये म्हणून तिची वेटोळी ठेवायला होडीवर पुढं खास घडवंचीसारखी बैठक. तरी ती गुंतायचीच आणि होड्या उलटायच्याच. म्हणून वल्ह्यानं, नुसत्या लाकडी फळीनं, रिकाम्या हातानं सुलटं होण्याचे कितीतरी प्रकार त्यांनी बसवले. आजही तिथल्या स्पर्धांत हातात वीट धरून सुलटं व्हायचा एक प्रकार असतो. आणि वल्हं? हात मोकळा हवा असेल तेव्हा ते होडीवरच्या कातडी पट्ट्यांखाली सरकवून ठेवायचं. पाहिजे तेव्हा ओढून काढायचं.

उलट उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथल्या ओनील पितापुत्रांचं वेटसूटच्या धंद्यात मोठं नाव. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलानं, पॅटनं, लाटांवरच्या फळीला दोरी बांधायची टूम काढली. लोक हसले. नवशिक्यांचं खेळणं म्हणाले. सुरुवातीच्या या दोऱ्या रबरी नळीच्या होत्या, म्हणजे भलत्याच ताणल्या जाणाऱ्या. तसली दोरी लावून जॅक ओनील, म्हणजे खुद्द वडील, पाण्यात गेले, आणि ताणलेल्या दोरीनं फळी परत आणली ती त्यांच्या डाव्या डोळ्यावर. डोळा गेला. ते पुढं २०१७ साली वारले, तोवर काळी पट्टी हीच त्यांची ओळख झाली होती. पण दोरी गेली नाही. ती सुधारली आणि आज फळीवाल्यांत ती सर्रास असते. या एका हकिगतीतून बाईंनाही पुरावा मिळतो आणि बुवांनाही. दोघांनीही ती मला सांगितली होती. बाईंनी डोळा वगळून आणि बुवांनी शेवट वगळून.

हे सगळं मी चिरंजीवांना रात्री जेवताना ऐकवलं. "बाबा, तुम्ही एकदा होडीत तरी बसा," ते म्हणाले. समीक्षकाला नेहमी मिळणारं उत्तर मलाही मिळालं.

मग ऑगस्टातला तो शनिवार आला. मुकिल्टिओहून फेरीबोटीनं वीस मिनिटांत आम्ही व्हिडबी बेटावर गेलो आणि पश्चिमेच्या अंगाला एबीज लँडिंग नावाचा किनारा आहे तिथं उतरलो. गोट्यांची पुळण, मागे उंच कडा, आणि समुद्रानं आणून टाकलेले मोठमोठे ओंडके. चिरंजीव आणि शेजारीबुवा पाण्यात गेले. आम्ही दोघं ओंडक्यावर थर्मास आणि दुर्बीण घेऊन बसलो. बुवांच्या वल्ह्याला अर्थातच दोरी नव्हती. चिरंजीवांच्या होती. बाईंनी निघताना फोनवर बजावलं होतं.

दुपारनंतर तिथं पश्चिमेचा वारा चढतो. त्या दिवशी ओहोटीही लागली होती. पाणी बाहेर चाललेलं आणि वारा आत येतोय, अशी दोघांची गाठ पडली की लाटा उंच होण्यापेक्षा उभ्या होतात. परत येताना किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर चिरंजीवांची लाल होडी दुर्बिणीत मला एकदम वेगळी दिसली. कारण मी तिचं पोट बघत होतो. वल्ह्याचं एक पातं पाण्यातून वर आलं आणि पुन्हा गेलं. दुसऱ्यांदा आलं, पुन्हा गेलं. मग होडीशेजारी डोकं आलं.

"काय दिसतंय?" हिनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत मी बोललेलं हे सर्वांत वाईट खोटं. तिनं दुर्बीण काढून घेतली.

पुढचं तिनं मला सांगितलं तसं. लाटेनं होडी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि ती वाऱ्याबरोबर निघालीच. दोन होड्यांचं अंतर गेली असेल. आणि थांबली. तोंड फिरवून थांबली. वल्हं त्याच्या हातात होतं आणि मधली वायर ताणलेली होती. बुवा चार फटक्यांत पोचले. आणि ज्या दोरीला ते महिनाभर नावं ठेवत होते, तीच धरून त्यांनी होडी जवळ ओढली, तिचं नाक आपल्या होडीवर चढवून पाणी ओतलं आणि त्याला आत घेतलं. मी घड्याळ बघत होतो. सहा मिनिटं.

इथं लेख संपला असता तर बाई जिंकल्या होत्या.

किनाऱ्याला लागताना चिरंजीव दोरी सोडायला विसरले. दमलेले, गारठलेले, आणि जिनं नुकतंच वाचवलं तिच्याविषयी मनात कृतज्ञता. गोट्यांच्या पुळणीवर लाट पसरत नाही, आदळते. तिनं होडी आडवी केली, चिरंजीव बाहेर पडले, वल्हं होडीच्या पलीकडे गेलं आणि वायरचा वेढा कोपराखाली बसला. लाट परत फिरली तशी पाण्यानं भरलेली होडी तिच्याबरोबर खाली निघाली, आणि होडीबरोबर आमचा मुलगा. मी बुटांसकट पाण्यात धावलो आणि होडीचं टोक धरून मागं ओढायला लागलो. म्हणजे तो वेढा आणखी आवळायला लागलो. चिरंजीव हातमोज्याच्या बोटांनी वायरच्या टोकाची कडी चाचपत होते. तिला अंगठ्यानं दाबायचा खटका होता आणि त्यात वाळू गेली होती.

"अहो, ओढू नका! ढिलं सोडा!" ही केव्हा माझ्याशेजारी येऊन पोचली मला कळलं नाही. मी हात सोडले. पुढची लाट आली, तिनं होडी आमच्याकडे ढकलली, वायर क्षणभर सैल पडली. त्या क्षणात हिनं बांगडी काढतात तसा तो वेढा त्याच्या पंजावरून काढला. होडी गेली वल्ह्यासकट. बुवांनी ती पुढं शंभर पावलांवर पकडली.

गाडीत हीटर पूर्ण लावूनही बराच वेळ कुणी बोललं नाही. बुवा मागे बसले होते. आपण बरोबर होतो असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, यासाठी मी त्यांना मनातून शिरा वाढला. मग हीच बोलली.

"गुराला दावं बांधतात ना, त्याला सुरगाठ मारतात. निरगाठ नाही. गोठ्यात साप निघाला, आग लागली, तर एका हिसक्यात सुटलं पाहिजे. आणि गुरू ओढत असताना फास काढायला जायचं नाही. ते पुढं सरकलं की काढायचा. आमच्याकडे हे सात वर्षांच्या पोराला कळतं."

चिरंजीवांनी हे बुवांना इंग्रजीत सांगितलं. बुवांनी दोनदा विचारून घेतलं, की सात वर्षांच्याच ना?

मी माझे रकाने पुन्हा काढले. दोन्ही पक्षांनी आणि कपाटातल्या सगळ्या पुस्तकांनी बांधावं की न बांधावं एवढंच विचारलं होतं. कुठली गाठ, कुठं सुटते, गारठलेल्या बोटांनी सुटते का, डोळे मिटून सुटते का, आणि किनारा जवळ आला की सोडायची आठवण कोण करणार, याला एकानं अर्धी ओळ दिली असेल. मनगटाला तर बांधूच नये, होडीलाच बांधावी, हेही मला तळटीपेत सापडलं. जादा वल्हं दोन तुकड्यांत होडीवर ठेवावं म्हणजे पहिल्याच्या मोहात पडावं लागत नाही, हे परिशिष्टात. आमच्या बँकेत एवढ्या महत्त्वाच्या गोष्टी फक्त अशाच अर्जात तळाशी असत, जो फेटाळायचा असे.

पुढच्या आठवड्यात चिरंजीवांनी नवी लीश आणली. टोकाला लाल बोंडूक, ते ओढलं की सुटते असं पाकिटावर लिहिलेलं. हिनं ती दिवाणखान्यात खुर्चीच्या पायाला बांधायला लावली. फ्रीजमधल्या बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात पाच मिनिटं बुडवले, डोळे मिटले आणि बोंडूक ओढलं. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा सुटली. तिसऱ्यांदा खुर्ची आली.

"परत करून ये," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत पोह्यांकडे गेली.